जुन्या शास्त्रीय रेकॉर्ड्स अपलोड तर केल्या, आता त्या लोकांपर्यंत न्यायच्या कशा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आजोबांच्या संग्रहातल्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या तुम्ही मित्रांनी मिळून डिजिटाइझ केल्या, अडीचशेच्या आसपास बाजू झाल्या, सगळं इंटरनेट आर्काइव्ह या मोकळ्या ऑनलाइन संग्रहावर फुकट टाकलं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक फिरवली, पहिल्या आठवड्यात थोडे लोक आले आणि नंतर कोणी फिरकलंच नाही. मग आता जाहिरातीवर पैसे घालावेत का, आवाज साफ करून परत टाकावं का, आणि कॉपीराइटचं काही झंझट होईल का. मी बरीच वर्षं जुन्या रेकॉर्ड्स उतरवायचं आणि मोकळ्या संग्रहात टाकायचं काम करतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

जाहिरातीवर एक रुपयाही घालू नका. कारण जाहिरात बघून माणूस आला तरी त्याला तुमच्या पानावर काय दिसणार? एकच पान, टायटल "आजोबांचा रेकॉर्ड संग्रह", आणि खाली "साइड ००१" पासून सुरू होणाऱ्या अडीचशे फाइली. ज्याला सवाई गंधर्वांची भैरवी ऐकायचीय तो "सवाई गंधर्व भैरवी" असं टाइप करणार, "आजोबांचा संग्रह" नाही. तुमच्या घरासाठी तो आजोबांचा संग्रह आहे, आणि ते नाव प्रेमाने दिलंय हे कळतं, पण बाहेरच्या माणसासाठी त्यात अब्दुल करीम खाँ आहेत, बालगंधर्व आहेत, केसरबाई आहेत, नारायणराव व्यास आहेत, आणि यातलं एकही नाव सर्चला दिसत नाहीये. रेकॉर्ड लोकांपर्यंत पोचवायचं ऐंशी टक्के काम म्हणजे तिच्याबद्दलची माहिती नीट लिहिणं, हे माझं अगदी पक्कं मत आहे, उरलेलं काम ती माहिती योग्य वेळी योग्य माणसासमोर ठेवायचं.

तर पहिलं काम, प्रत्येक बाजू वेगळं पान. कंटाळवाणं आहे, मान्य, पण याला पर्याय नाही. आर्काइव्हवर पानाचा जो पत्ता बनतो तो नंतर बदलता येत नाही म्हणून आधी नीट ठरवा, गायकाचं नाव, चीज (म्हणजे बंदिश) किंवा राग, आणि रेकॉर्ड नंबर असा क्रम ठेवला तर पुढे गोंधळ होत नाही. आजोबांचं नाव प्रत्येक पानावर "संग्रह" म्हणून आवर्जून द्या, आणि पुरेशी पानं झाली की त्यांच्या नावाचं कलेक्शन मागून घ्या म्हणजे सगळं एकत्रही दिसेल.

आता पानावर काय लिहायचं. लेबलवर जे छापलंय ते जसंच्या तसं, चुकीसकट, आणि त्याच्या खाली आपलं बरोबर केलेलं. लेबलवरचं स्पेलिंग कलकत्त्याला कोणी कानाने ऐकून लिहिलेलं असतं त्यामुळे एकाच गायकाचं नाव चार लेबलांवर चार तऱ्हेने सापडतं, आणि लोकही तसंच चार तऱ्हेने शोधतात. अब्दुल करीम खाँ, अब्दुल करीम खान, खाँसाहेब, करीम खाँ मिरज, हे सगळं टॅगमध्ये आलं पाहिजे, देवनागरीत आणि इंग्रजी लिपीत दोन्हीकडे. रागाचं नाव झिंझोटी पण हवं आणि झिंजोटी पण. बालगंधर्वांच्या पानावर नारायण श्रीपाद राजहंस हे नाव हवं. मग राग, ताल, चीजेचा प्रकार (ख्याल, ठुमरी, नाट्यपद, भजन जे असेल ते), कंपनी, रेकॉर्ड नंबर, आणि मधल्या लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स नंबर. हा मॅट्रिक्स नंबर बहुतेक लोक लिहीतच नाहीत आणि खरं तर रेकॉर्डिंग नक्की कधीचं हे शोधायला तोच सगळ्यात उपयोगाचा, कारण तीच रेकॉर्ड नंतर वेगळ्या लेबलवर वेगळ्या नंबरने परत निघालेली असू शकते पण मॅट्रिक्स सहसा तोच राहतो. लेबलचा चांगला फोटो दोन्ही बाजूंचा, सरळ उजेडात, सावली न पाडता. लोक आधी फोटो बघतात, मग ऐकतात, हे मी कायम पाहिलंय.

आणि शब्द लिहा हो. चीजेचे शब्द, पदाचा मुखडा, निदान अस्थाई (चीजेचा पहिला भाग) तरी. कोणाच्या आजीला फक्त "नाथ हा माझा" एवढंच आठवत असतं, ती नाटकाचं नाव सांगू शकत नाही, नातू ते तीन शब्द टाइप करतो, आणि तुमच्या पानावर ते तीन शब्द असतील तरच तो तिथे पोचतो. ख्यालाचे शब्द कळत नसतील तर जेवढे कळले तेवढे लिहा आणि बाकी जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका, कारण पुढे शिकणारी मुलं तेच पाठ करतात.

जे कळत नाही ते कळत नाही म्हणून उघड टाकणं हीसुद्धा एक उत्तम प्रसिद्धी आहे. तुमच्या यादीत काही बाजू अशा असतीलच की लेबल फाटलंय, गायिकेचं नाव अर्धंच वाचता येतंय, रागाचं नाव पटत नाही. त्यांचा एक वेगळा गट करा, "ओळख पटवायची आहे" असा. जाणकार मंडळींना यासारखं आकर्षण दुसरं नाही. बालगंधर्वांची प्रसिद्ध बाजू टाकली तर ते छान म्हणून पुढे जातात, पण "ही बाई कोण आणि हा राग कुठला" असं विचारलं की तीन दिवस चर्चा चालते आणि त्यातून दहा नवे कान तुमच्या संग्रहाला मिळतात. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे, संग्राहकांनी चालवलेली, त्यांच्या नियतकालिकाचे जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात, त्यात गायकांवर आणि लेबलांवर भरपूर माहिती आहे. ग्रामोफोन कंपनीच्या भारतातल्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांच्या याद्या मायकेल किनियर यांनी छापल्यात. तारीख लावताना आधी तिकडे बघा.

कॉपीराइटचं आता, कारण याच्यावर प्रसिद्धी अवलंबून आहे. भारतात ध्वनिमुद्रणाला संरक्षण ६० वर्षं, आणि ती मोजायची रेकॉर्ड ज्या वर्षी प्रकाशित झाली त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. म्हणजे १९६४ ला निघालेली रेकॉर्ड १ जानेवारी २०२५ ला मोकळी झाली, १९६५ ची १ जानेवारी २०२६ ला. आधी ही मुदत ५० वर्षं होती, १९९२ ला ६० केली, तेव्हा रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली होती त्यातून तो बदल झाला. ७८ ची तबकडी आहे म्हणजे आपोआप जुनी असं धरू नका, आपल्याकडे ७८ बरीच उशिरापर्यंत निघत होत्या. आणि पदाचे शब्द आणि चाल यांचा हिशोब वेगळा, तिथे लेखक किंवा संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. नाटककार खाडिलकर १९४८ ला गेले, म्हणजे त्यांची पदं २००९ पासून मोकळी. संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ ला गेले, त्यांच्या चाली २०१६ पासून. पण विद्याधर गोखल्यांच्या नाटकातलं पद १९६० च्या सुमारास रेकॉर्ड झालेलं असेल तर रेकॉर्डिंग मोकळं झालं तरी शब्द मोकळे नाहीत, गोखले १९९६ ला गेलेत, त्यामुळे अशा बाजू बाजूला ठेवा. पारंपरिक बंदिशींना हा प्रश्न बहुतेक येत नाही.

अमेरिकेतला कायदा मात्र वेगळा आहे आणि हे लोक विसरतात. तिथे १९२३ च्या आधीची ध्वनिमुद्रणं २०२२ च्या १ जानेवारीला मोकळी झाली, आणि १९२३ ते १९४६ मधल्यांना १०० वर्षं, म्हणजे १९२४ ची २०२५ ला, १९२५ ची २०२६ ला, अशी दरवर्षी एकेक वर्ष पुढे. इंटरनेट आर्काइव्हचे सर्व्हर अमेरिकेत आहेत, आणि त्यांच्या ७८ च्या प्रकल्पावर बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी २०२३ ला खटला भरला होता, तो २०२५ मध्ये तडजोडीने मिटला. याचा अर्थ घाबरून सगळं काढून टाका असा नाही. पण १९३० च्या दशकातल्या बाजूंवर "भारतात पब्लिक डोमेन" एवढंच स्पष्ट लिहा, सगळ्या जगात मोकळं आहे असं लिहू नका, आणि सगळ्याची एक पूर्ण प्रत भारतात ठेवा, स्वतःच्या साध्या वेबसाइटवर किंवा गावातल्या वाचनालयाच्या कम्प्युटरवर, म्हणजे उद्या तिकडून काही काढलं गेलं तरी काम वाया जात नाही. माझ्या मते १९२६ च्या पुढच्या बाजूंसाठी मुख्य घर भारतातलंच असावं आणि लोकांना लिंक त्याचीच द्यावी.

दोन गोष्टी मात्र संग्रहात घालूच नका. एक, खाजगी मैफिलीच्या टेप. आणि दोन, रेडिओवरून उतरवलेलं. "दुर्मिळ आहे" याचा अर्थ "मोकळं आहे" असा होत नाही, आणि एका अशा फाइलमुळे तुमच्या अडीचशे स्वच्छ बाजूंवर संशय येतो. कंपनीने नंतर सीडीवर काढलेलं त्यावरून उतरवूनही टाकू नका, मूळ तबकडीवरूनच घ्या, ती तुमच्याकडे आहेच. आणि लायसन्सच्या जागी "पब्लिक डोमेन मार्क" निवडा. आपण मेहनत घेतली म्हणून त्यावर आपला हक्क लावणारे लोक असतात, मला ते अजिबात पटत नाही, मोकळी झालेली गोष्ट परत कुंपणात घालायचा अधिकार आपल्याला नाही. "वापरलंत तर संग्रहाचं नाव द्या" अशी विनंती करा, लोक देतात.

आता माहिती नीट झाली की पुढचं पाऊल, लोक जिथे आधीच आहेत तिथे जायचं. यात मी विकिपीडियाला सगळ्यात वरचं स्थान देतो. कोणी अब्दुल करीम खाँ हे नाव पहिल्यांदा ऐकतो तेव्हा आधी तिथेच जातो, आणि लेखात मध्येच प्ले करायचं बटण दिसलं तर दाबतोच. त्यासाठी फाइल विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाचा मोकळ्या फाइलींचा साठा) असावी लागते, आणि कॉमन्सला ती मूळ देशात आणि अमेरिकेत दोन्हीकडे मोकळी लागते, म्हणजे काटेकोर बघितलं तर शंभर वर्षांपलीकडच्याच बाजू. पण त्यात काय कमी आहे का? गौहरजानच्या १९०२ च्या रेकॉर्ड्स आहेत, १९१३ ला गेलेल्या जोहराबाई आग्रेवाली आहेत, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या बाजू आहेत ज्या लोकांना माहीतच नसतात कारण सगळे त्यांच्या तीसच्या दशकातल्या ओडियनच्या रेकॉर्डच ऐकतात, आणि रहिमत खाँ, जे विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीबरोबर फिरले आणि १९२२ ला कुरुंदवाडला गेले. तुमच्या आजोबांच्या पेटीत त्या काळातल्या दहा बाजू जरी निघाल्या तरी आधी त्या दहा कॉमन्सवर न्या, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही विकिपीडियांवर गायकाच्या लेखात, रागाच्या लेखात लावा, खाली कॅप्शनमध्ये गायक, राग, कंपनी, वर्ष. एक सूचना, नुसत्या आपल्या साइटच्या लिंका पन्नास लेखांत टाकत सुटू नका, तो स्पॅम धरला जातो आणि सगळं उलटवलं जातं, चर्चापानावर आधी सांगून मग हळूहळू करा. लेखात ज्याची माहितीच नाही तिथे आधी दोन परिच्छेद माहिती लिहा, मग ऑडिओ लावा. हे काम टिकतं, व्हॉट्सअ‍ॅपची पोस्ट दुसऱ्या दिवशी खाली जाते.

दुसरी जागा म्हणजे शिकणारी मुलं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारदच्या परीक्षांना किती मुलं बसतात बघा, आणि त्यांना राग ऐकायचा असतो तेव्हा समोर दीड दीड तासाच्या मैफिली येतात. ७८ ची बाजू तीन सव्वातीन मिनिटांची, बारा इंची असेल तर साडेचारच्या आत. त्या तीन मिनिटांत त्या काळच्या गवयांनी रागाचा सगळा चेहरा मांडलेला आहे, काही फापटपसारा नाही, मुखडा, दोन आलाप, बोल-ताना (चीजेच्या शब्दांवर घेतलेल्या), तीन ताना, संपलं. शिकणाऱ्या मुलासाठी आणि आजच्या घाईतल्या माणसासाठी याहून चांगली लांबी नाही. तर तुमच्याकडच्या बाजू रागवार लावा, एका रागाच्या तीन चार गायकांच्या बाजू एका पानावर, आणि ते पान तुमच्या भागातल्या क्लासच्या शिक्षकांना पाठवा. पूर्ण संग्रहाची लिंक पाठवू नका, कोणी उघडत नाही. "तुमच्या मुलांना या वर्षी भीमपलास आहे ना, हे चार भीमपलास" असं पाठवा, ते नक्की उघडतील, मुलांच्या ग्रुपवर टाकतील.

तिसरी गोष्ट तारखा. बातमी किंवा कार्यक्रमामुळे लोक एखादं नाव शोधायला लागतात त्या आठवड्यात तुमचं पान तयार असलं पाहिजे. दर डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव असतो, १९५३ पासून, हजारो लोक जातात, आणि त्यातल्या तरुण मुलांपैकी कितीजणांनी खुद्द सवाई गंधर्वांचा, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांचा आवाज ऐकलेला असतो? फारच थोड्यांनी. ते १९५२ ला गेले आणि त्यांचं जे गाणं मागे राहिलं त्यातलं बरंच याच तीन मिनिटांच्या तबकड्यांवर आहे. महोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात "ज्यांच्या नावाने महोत्सव आहे ते असे गायचे" एवढी एक ओळ आणि एक बाजू, बस. २६ जून ही बालगंधर्वांची जयंती आणि गौहरजानची पण, एकाच दिवशी दोघांना शेजारी ठेवता येतं. २७ ऑक्टोबर अब्दुल करीम खाँसाहेबांची पुण्यतिथी, मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या नावाने गाणं होतं ते लोकांना माहीत आहे. केसरबाईंचं "जात कहाँ हो" १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलं, त्यामुळे व्हॉयेजरची काहीही बातमी आली की लोक केसरबाई शोधतात, तुमच्याकडे त्यांच्या ज्या दोन बाजू आहेत त्यांची वर्षं तपासून पानं तयार ठेवा. गोव्यात दर मे महिन्यात साळावली धरणाचं पाणी खाली गेलं की बुडालेलं कुर्डी गाव वर येतं, पेपरात फोटो येतात, ते गायिका मोगूबाईंचं गाव, कुर्डीकर आडनाव तिथूनच, त्यांचं मोकळं झालेलं काही हाताशी असेल तर तो आठवडा चुकवू नका. आणि १ जानेवारी तर आपलाच दिवस आहे, त्या दिवशी एक अख्खं वर्ष मोकळं होतं, "या वर्षी हे हे मोकळं झालं" अशी यादी दरवर्षी काढा, मराठीत असं फार कोणी करत नाही, पेपरवालेही विचारतील.

यूट्यूबवर टाकायचं का, तर हो, टाका, कारण आपल्याकडे गाणं शोधायचं म्हणजे यूट्यूबच. लेबलचा फोटो, आवाज, आणि डिस्क्रिप्शनमध्ये सगळी माहिती आणि मूळ पानाची लिंक. तिथे आपोआप क्लेम येण्याचा त्रास होतो. मी उतरवलेल्या एका बाजूवर एका कंपनीने हक्क सांगितला होता, रेकॉर्ड शंभर वर्षांच्या वरची, गायिका जाऊन किती काळ लोटलेला. अशा वेळी गप्प बसू नका, डिस्प्यूट करा, लेबलचा फोटो, प्रकाशनाचं वर्ष आणि कायद्यातलं कलम लिहून, माझा तो क्लेम मागे घेतला गेला. पण तुम्ही स्वतः या बाजू डिस्ट्रिब्युटरमार्फत पैसे देणाऱ्या स्ट्रीमिंगवर टाकू नका. वाटतं की तिथेही पोचतील, पण डिस्ट्रिब्युटर ती फाइल यूट्यूबच्या गाणं ओळखणाऱ्या यंत्रणेत घालतो आणि मग दुसऱ्या कोणा गरीब संग्राहकाने तीच बाजू टाकली की तुमच्या नावाने त्याच्यावर क्लेम जातो. मोकळ्या गाण्याचं असं होऊ नये.

आवाज साफ करण्याबद्दल. करा, पण मूळ ठेवून. मूळ फाइल २४ बिट ९६ किलोहर्ट्झ वेव्ह, काहीही न करता, ती कायमची. तिच्यावरून एक हलकी साफ केलेली प्रत ऐकण्यासाठी, दोन्ही पानावर ठेवायच्या. टिकटिक काढली तर हरकत नाही, पण खरखर पूर्ण काढायच्या मागे लागलात तर तिच्याबरोबर तानपुरा जातो, सारंगीची धार जाते, गायकाचा श्वास जातो, आणि उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. १९२५ च्या आधीच्या रेकॉर्ड्स तर भोंग्यात गाऊन केलेल्या, मायक्रोफोनच नव्हता, त्यात आधीच आवाजाचा पट्टा अरुंद, त्यातून आणखी काय काढणार. त्यापेक्षा सुई बघा. एलपीची बारीक सुई ७८ ला लावली तर ती खोबणीच्या तळाला घासत जाते आणि नुसती खरखर वाढते, ७८ साठी साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई वेगळी मिळते. तुमच्या काही फाइलींत मला वाटतं हाच प्रॉब्लेम आहे, त्या परत उतरवाव्या लागतील.

आणि स्पीड. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ ला नसायच्या, सत्तरपासून ऐंशीच्या वर काहीही. ८० ची तबकडी ७८ वर वाजवली तर पट्टी जवळजवळ पाव स्वराने उतरते, हार्मोनियमच्या पेटीवर धरून बघितलं तर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी सापडतं, आणि शिकणारा पोरगा म्हणतो हे कसलं बेसूर. साथीच्या पेटीवरून अंदाज येतो, जाणकार गायकाला विचारा, आणि काय स्पीड धरला ते पानावर लिहून ठेवा.

रेकॉर्डच्या शेवटी, कंपनीला कळावं म्हणून, गायक आपलं नाव सांगायचे, गौहरजानचं "माय नेम इज गौहरजान" सगळ्यांना माहीत आहे, त्या वेळी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या आणि तिथल्या माणसाला कोण गातंय हे त्यावरून कळायचं. ही घोषणा असेल तर ती ट्रिम करताना कापू नका. लोक आधी तीच ऐकतात. प्रसिद्धीसाठी छोटी क्लिप करायची असेल तर शेवटची तान आणि ती घोषणा एवढीच घ्या, पूर्ण गाणं ऐकायला लोक मूळ पानावर येतात.

ऑनलाइनबरोबर प्रत्यक्ष बैठक करा, याची ताकद लोकांना कळत नाही. गावातलं सार्वजनिक वाचनालय, संध्याकाळी दीड तास, दहा बारा बाजू, प्रत्येकीच्या आधी दोन मिनिटं माहिती, नंतर पाच मिनिटं लोकांना बोलू द्यायचं. बाहेर क्यूआर कोडचा कागद. अशा बैठकीला येणारी साठीची माणसं घरी जाऊन मुलांना अमेरिकेत लिंक पाठवतात, तिकडच्या महाराष्ट्र मंडळांत फिरते, आणि कोणाच्या तरी माळ्यावर अजून एक पेटी आहे असं तिथेच कळतं. अशीच पेटी मिळाली की संग्रह वाढतो.

ज्या गायिकांच्या रेकॉर्ड्स आहेत त्यांच्याबद्दल लिहिताना एक काळजी घ्या. त्यातल्या कितीतरी कलावंत घराण्यांतल्या, कोठ्यावर गाणाऱ्या, आणि त्यांच्याबद्दल जुन्या लेखनात नाही नाही ते लिहिलेलं सापडतं. तसलं काहीही पानावर आणू नका, क्लिक मिळतात म्हणून तर अजिबातच नाही. कोणाकडे शिकल्या, काय गायल्या, कुठे रेकॉर्ड झालं, एवढं पुरेसं आहे आणि तेच ऐकणाऱ्यांना हवं असतं. वारसदार सापडले तर कळवा, कायद्याने गरज नसली तरी, पणजीचा आवाज पहिल्यांदा ऐकणारं घर तुमच्या संग्रहासाठी जे करतं ते कोणतीही जाहिरात करू शकत नाही.

सगळ्या अडीचशेच्या मागे एकदम लागू नका. आधी बारा बाजू निवडा, आवाज चांगला, माहिती पक्की, कायद्याने स्वच्छ, आणि त्यांची पानं अशी करा की त्यात काही कमी काढता येणार नाही. त्या बारांवरून लोक आत येतील, बाकीच्या आठवड्याला पाच सहा अशा होत राहतील. आकडे बघायचे तर किती ऐकलं यापेक्षा किती जणांनी दुरुस्ती कळवली ते बघा, ज्या पानावर "हा राग देस नाही, तिलक कामोद आहे" असं कोणी येऊन लिहितो ते पान नीट ऐकलं गेलंय.

आणि उतरवून झालं म्हणून तबकड्या भंगारात देऊ नका, वर म्हटलं तसं काही परत उतरवाव्या लागणार आहेत. उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत खालच्या तडकतात. पुसताना साध्या डिस्टिल्ड पाण्यात एखादा थेंब सौम्य साबण, मऊ कापड, लेबलला पाणी लागू न देता. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका, ७८ ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.